बिंदूपासून मागे वाचताना: रझा, सिंहावलोकन आणि गोंदियाचा गाळलेला मुक्काम

सय्यद हैदर रझा यांच्या सुमारे शंभर कलाकृतींचे प्रदर्शन १५ फेब्रुवारी ते १५ मे २०२३ या काळात पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात भरले होते. ज्या देशात रझांनी १९५० ते २०१० अशी साठ वर्षे काढली, त्या देशातील संग्रहालयाने केवळ त्यांच्यासाठी योजलेले एवढ्या आवाक्याचे हे पहिलेच प्रदर्शन. ते मी पाहिलेले नाही. नागऱ्यासारख्या गावी राहणाऱ्या मराठीच्या अध्यापकाला पॅरिसचे प्रदर्शन पाहता येईल, अशी व्यवस्था अजून कोणी केलेली नाही. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय त्या प्रदर्शनाची मांडणी हा नाही. त्या निमित्ताने आपल्याकडे रझांविषयी जे लिहिले आणि बोलले गेले, त्यातून दीर्घ कारकीर्द वाचण्याची जी एक रीत रूढ होऊ पाहत आहे, तिला माझा आक्षेप आहे. ही रीत चित्रसमीक्षेपुरती मर्यादित असती तर साहित्यसमीक्षेच्या नियतकालिकात तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. ती मूलतः आपलीच, म्हणजे साहित्याच्या समीक्षकांची रीत आहे. चित्रांच्या जगात ती आपल्याकडून गेलेली आहे.

रझांची कथा आता सर्वांना पाठ झाली आहे. मंडला जिल्ह्यातील बाबरियात १९२२ मध्ये जन्म, वडील वनखात्यात नोकरीला, भोवती दाट अरण्य, रात्रीचे भय आणि दिवसाचा लखलखाट. ककैयाच्या प्राथमिक शाळेत मुलाचे चित्त थाऱ्यावर नाही, म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक बिंदू काढला आणि त्याकडे पाहत राहायला सांगितले. मग मुंबई, १९४७ चा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रूप, १९५० मध्ये फ्रान्सची शिष्यवृत्ती, १९५६ मध्ये फ्रेंच समीक्षकांचा पुरस्कार (तो मिळवणारे ते पहिलेच बिगरफ्रेंच चित्रकार), आणि पुढे कधीतरी, सारे काही मिळाल्यावर, आपण कोण हा प्रश्न. उत्तरादाखल भिंतीवरचा तो बिंदू परत येतो आणि कॅनव्हासच्या मध्यभागी विराजमान होतो. २०१० च्या अखेरीस चित्रकार भारतात परततो, २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत त्याचा मृत्यू होतो आणि त्याच्याच इच्छेनुसार मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्याचे दफन होते. वर्तुळ पूर्ण झाले.

कथा सुंदर आहे. तिच्यातील बहुतेक घटना खऱ्याही आहेत. तरीही ती कथा आहे, आणि कथा जे करते ते तीही करते. घटनांची निवड, त्यांचा क्रम आणि शेवटाच्या सोयीने आरंभाची रचना ही कथनाची नेहमीची कामे. ज्या अभ्यासकांना कादंबरीतील निवेदकाचा दृष्टिकोन तपासण्याचे वळण लागलेले आहे, तेच अभ्यासक या कथेसमोर हात जोडून उभे राहतात, याचे मला नवल वाटते. विदर्भातील दोन चर्चासत्रांत मी रझांवरचे निबंध ऐकले. दोन्हींची सुरुवात ककैयाच्या भिंतीपासून होती आणि दोन्हींचा शेवट मंडल्याच्या कबरीपाशी. मधल्या साठ-सत्तर वर्षांतील चित्रे 'बिंदूच्या दिशेने होणारा प्रवास' या एका वाक्यांशात बसवलेली होती. श्रोत्यांपैकी कोणीही विचारले नाही की १९५५ मध्ये चित्र काढणाऱ्या माणसाला आपण बिंदूच्या दिशेने चाललो आहोत हे ठाऊक होते काय.

चित्रकाराच्या सर्व काळांतील काम एकत्र मांडणाऱ्या प्रदर्शनाला मराठीत 'सिंहावलोकनी प्रदर्शन' म्हणण्याचा प्रघात आहे. शब्द मार्मिक आहे. पुढे गेलेला सिंह मान वळवून मागची वाट पाहतो. त्याला ती एकच वाट दिसते, कारण तो त्याच वाटेने आलेला असतो. ज्या वाटांकडे तो वळला असता, जिथे घुटमळला, जिथून परत फिरला, त्या वाटांवर मागे पाहताना काही उरलेले दिसत नाही. सिंहावलोकनाचा हा अंगभूत दोष आहे आणि प्रदर्शन मांडणाऱ्याला तो पूर्णपणे टाळता येत नाही. समीक्षकाला मात्र टाळता येतो. किंबहुना तो टाळणे हेच त्याचे काम आहे.

हा दोष आपल्या घरातला कसा, हे मर्ढेकरांच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. 'शिशिरागम' १९३९ चे, 'काही कविता' १९४७ चे. 'शिशिरागम'कडे आपण दोनच प्रकारे पाहतो: एक तर पुढे टाकून दिलेली उमेदवारी म्हणून, नाही तर नंतरच्या मर्ढेकरांची बीजे शोधण्याची जागा म्हणून. दोन्ही वाचनांत १९३९ चे पुस्तक १९४७ च्या पुस्तकाचे ताबेदार ठरते. त्या संग्रहाला त्याच्या काळात, त्याच्या समकालीन कवितेच्या शेजारी ठेवून वाचण्याची गरज क्वचितच कोणाला भासते. 'समग्र' नावाच्या प्रत्येक ग्रंथात हा धोका असतो. रझांच्या बाबतीत आपण तोच प्रकार शतगुणित केला आहे.

आता जे गाळले गेले त्याकडे वळू. रझा १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि त्यानंतर काही काळ गोंदियात चित्रकला-शिक्षक होते. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली म्हणून त्यांनी ती नोकरी सोडली, पण मुंबईत पोचायला उशीर झाला आणि ती संधी हुकली. गोंदियाला परतण्याऐवजी ते मुंबईतच राहिले, एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत छपाईच्या ठोकळ्यांसाठी आरेखनाचे काम करू लागले आणि यथावकाश जे. जे. मध्ये दाखल झाले. नागपूर, गोंदिया, ठोकळ्यांचा कारखाना: कथेत यांचा उल्लेख झालाच तर ओझरता होतो, कारण यांच्यात ना अरण्य आहे ना पॅरिस. जिल्ह्याच्या गावातील रेल्वेचे जंक्शन, मास्तरकीची नोकरी, सरकारी कागद आणि हुकलेली मुदत यांतून नियती सिद्ध होत नाही. त्यातून फक्त चित्रकार तयार होतो.

या गाळणीमागे आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या नकाशात आहे. त्या काळी मंडला, दमोह, नागपूर आणि गोंदिया ही सर्व ठिकाणे मध्य प्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होती आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. वेगळा जिल्हा झाला तो १९९९ मध्ये. सातपुड्यातून नैनपूर-बालाघाटमार्गे गोंदियाला उतरणारी अरुंद रुळांची गाडी हा मंडल्याकडचा माणूस आणि आमच्याकडचा माणूस यांचा नित्याचा दुवा होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, मंडला आणि दमोह नव्या मध्य प्रदेशात राहिले, नागपूर-गोंदिया मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. रझांचे चरित्र या रेषेने मधोमध कापले गेले. त्यांचे बालपण हिंदीच्या वाट्याला गेले, प्रौढपण फ्रेंचांच्या, आणि मधला मराठी मुलखातील भाग कोणाच्याच वाट्याला आला नाही. हिंदी लेखकांनी, विशेषतः अशोक वाजपेयींनी, रझांवर जिव्हाळ्याने आणि सातत्याने लिहिले. आपण त्यांना 'हिंदीवाले' समजून सोडून दिले, आणि शताब्दीच्या वेळी जाग आली तेव्हा त्यांची कथा हिंदीतून आयती उचलली. म्हणजे १९२२ ते १९४३ चे आयुष्य आपण १९५६ च्या सरहद्दीने वाचतो. बिंदूपासून मागे वाचणे आणि सरहद्दीपासून मागे वाचणे ही एकाच चुकीची दोन रूपे आहेत.

नागरा येथील प्राचीन शिवमंदिरामुळे आमचे गाव ओळखले जाते आणि तेथे पुरातत्त्वीय उत्खननही झालेले आहे. उत्खननाचा एक प्राथमिक नियम असा की खणताना चराची एक उभी बाजू शाबूत ठेवायची, म्हणजे कोणता थर कोणावर आहे ते दिसत राहते. वरच्या थरातील खापर घसरून खालच्या थरात मिसळले तर खालचा थर दूषित झाला असे मानतात. त्यावरून त्या थराचा काळ ठरवीत नाहीत. रझांच्या चरित्रात १९८० च्या थरातील बिंदू घसरून थेट १९३० च्या आसपास जाऊन पडलेला आहे, आणि आपण त्यालाच सर्वांत जुना अवशेष मानून बसलो आहोत.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो गंभीर आहे. बिंदूची कथा समीक्षकांनी रचलेली नाही, ती स्वतः रझांनी अनेकदा सांगितली आहे. मान्य. शाळेतील प्रसंग घडलाच नाही असेही माझे म्हणणे नाही. पण लेखकाचा हेतू हा कृतीच्या अर्थाचा अंतिम दाखला नव्हे, हे आपण पदव्युत्तर वर्गात पहिल्याच सत्रात शिकवतो. कवीने आपल्या कवितेविषयी केलेले विधान ही आणखी एक संहिता असते. तीही वाचावीच लागते, तिच्या काळासह आणि तिच्या श्रोत्यांसह. चित्रकाराच्या बाबतीत मात्र आपण एकाएकी भाविक होतो. चित्र पाहण्याचा सराव नसला की चित्रकाराच्या शब्दांना घट्ट धरून ठेवावेसे वाटते, हे त्याचे साधे कारण असावे.

तेव्हा चित्रांकडेच पाहू. बिंदूवाल्यांचा सर्वांत आवडता पुरावा म्हणजे पन्नासच्या दशकाच्या आरंभीच्या निसर्गचित्रांतील काळा सूर्य. १९५१ च्या 'ओ द कान्य'मध्ये दक्षिण फ्रान्समधील गावाची काटेकोर, भूमितीत बसवलेली घरे आहेत आणि वर काळे वर्तुळ आहे. पाहा, बिंदू तेव्हाही होता, असे म्हटले जाते. आकार तोच आहे, यात वाद नाही. पण आकार तोच म्हणजे चिन्ह तेच, हे कोणत्या शास्त्राने? देवनागरीत अक्षराच्या डोक्यावर दिलेले टिंब अनुस्वार असते, ओळीच्या अखेरीस दिलेले टिंब पूर्णविराम असते आणि आकड्यांमधले टिंब दशांशचिन्ह. तिन्ही एकाच लेखणीतून उतरतात. त्यांचा अर्थ त्यांच्या आकारात नसून त्यांच्या जागेत आणि शेजारात असतो. १९५१ चा काळा सूर्य घरांच्या विरोधात उभा आहे. मर्ढेकरांची परिभाषा वापरायची तर तिथे विरोधलय आहे: खालच्या दाटीला वरची एकाकी काळी तबकडी छेद देते, जो प्रकाश द्यायचा तोच काळा आहे, आणि त्या काळेपणामुळे ते गाव माणसांवाचून ओस पडल्यासारखे दिसते. ऐंशीच्या दशकातील बिंदू चौकटीच्या केंद्रस्थानी आहे. त्याच्याभोवती सारे त्याच्याच अनुरोधाने रचलेले आहे, विरोध शमलेला आहे, समतोललयीचे राज्य आहे. पहिल्या चित्रात जग आहे आणि त्यावर काहीतरी ओढवले आहे. दुसऱ्यात जगाच्या जागी तत्त्व आले आहे. दुसरे पहिल्यातून उगवले असे म्हणताना आपण पहिल्यातील ओसाडपण पुसून टाकतो.

आणि हे ओसाडपण कोठून आले असावे, याचा विचार तरी करावा. १९४७ मध्ये आई गेली, १९४८ मध्ये वडील. भावंडे पाकिस्तानात गेली. त्याच सुमारास रझा काश्मीरमध्ये होते आणि १९४८ मध्ये त्यांनी उद्‌ध्वस्त बारामुल्ला रंगवले. तेथेच त्यांची गाठ आँरी कार्तिए-ब्रेसाँशी पडली आणि तुमच्या चित्रांत बांधणी नाही, सेझानचा अभ्यास करा, असे या छायाचित्रकाराने त्यांना सुचवले. बांधणी शिकायला निघालेला, घर मोडलेला छब्बीस वर्षांचा माणूस: १९५१ ची ओळीत बसवलेली निर्मनुष्य घरे या संदर्भात वाचली तर ती बिंदूची पूर्वतयारी वाटत नाहीत. ती स्वतःच्याच कारणाने उभी राहतात. चरित्राचा आधार घ्यायचाच असेल तर चित्राच्या जवळचे चरित्र घ्यावे, वीस वर्षे मागचे नव्हे.

साठच्या दशकात काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. १९६२ मध्ये रझा बर्कलीला अध्यापनासाठी गेले, तेथे रॉथ्कोच्या चित्रांचा त्यांच्यावर प्रभाव पडला, पुढे तैलरंगांऐवजी ॲक्रिलिक आले आणि हात मोकळा झाला. 'तपोवन' (१९७२) किंवा 'ला तेर' (१९७३) यांसारख्या चित्रांत रंगच चित्र वाहून नेतो. ही माझ्या मते त्यांची सर्वांत समर्थ वर्षे. हे मत अर्थात वादग्रस्त आहे आणि ते पुनर्मुद्रित प्रतिमांवरून बनलेले आहे, परंतु बिंदूकेंद्री कथेत असे मत मांडण्याची सोयच नाही. तिथे प्रत्येक पुढचे चित्र आधीच्यापेक्षा मुक्कामाच्या अधिक जवळ असावे लागते. एखादा मोठा चित्रकार उतारवयात स्वतःचीच नक्कल करू लागला असेल, ही शक्यता त्या कथेने आधीच बाद केलेली असते. ऐंशीनंतरच्या कित्येक बिंदूचित्रांबाबत ही शक्यता तपासावी लागेल, असे मला वाटते.

'माँ' हे १९८१ चे चित्र आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. त्यात काळा बिंदू आहे आणि कॅनव्हासवर देवनागरीत अशोक वाजपेयींच्या हिंदी कवितेची ओळ लिहिलेली आहे. चित्राच्या पोटात अक्षरे आली, ती पॅरिसमध्ये आली, आणि ती घरी परतण्याविषयीची आली. जो गाव सोडून गेलेला नाही त्याला आईला उद्देशून असे चित्र काढावे लागत नाही. याच्या तीन वर्षे आधी, १९७८ मध्ये, मध्य प्रदेश शासनाच्या निमंत्रणावरून रझांचे भोपाळला प्रदर्शन झाले होते आणि त्या वेळी ते मंडल्याकडेही जाऊन आले. भोपाळमध्ये नवे सांस्कृतिक वातावरण आकाराला येत होते. १९८२ मध्ये भारत भवन उभे राहिले. तांत्रिक प्रतिमांचे आकर्षण तर त्या पिढीतील अनेक भारतीय चित्रकारांना होते. बिंदू या क्षणी घडला: साठीकडे झुकलेल्या, पॅरिसवासी, भारतातून पुन्हा बोलावणे आलेल्या माणसाच्या हातून. मूळ हे स्थलांतराच्या आधी नव्हते, ते स्थलांतरातून निर्माण झाले. हे म्हटल्याने बिंदूचे मोल कमी होत नाही. तो कोणत्या थरातला आहे एवढेच कळते.

आपल्याकडे मात्र 'मूळ' हा शब्द ऐकताच प्रश्न संपतात. याला १९८० नंतरच्या देशीयतेच्या चर्चेचे वळण जबाबदार आहे असे कोणी म्हणेल, पण ते अर्धवट खरे आहे. भालचंद्र नेमाड्यांच्या मांडणीशी मतभेद असू शकतात. तरी तिच्यात भूमी ही भाषा, जाती, व्यवसाय आणि व्यवहार यांनी भरलेली असते. ती पर्यटकाची वनश्री नसते. रझांविषयी लिहिताना वापरलेली देशीयता वेगळ्याच जातीची आहे. तिच्या अरण्यात आदिवासी नाहीत, वनखात्याचा अंमल नाही, लाकूडतोडीचा ठेका नाही. वडील वनखात्याचे नोकर आहेत ही गोष्टही केवळ झाडांच्या सान्निध्यासाठी उरते. अशी भूमी फ्रेंच प्रेक्षकालाही आवडते आणि लिलावालाही. 'जेस्टेशन' हे १९८९ चे चित्र २०२३ मध्ये मुंबईच्या लिलावात ५१ कोटी ७५ लाख रुपयांना गेले. किमतीवरून चित्राचा निवाडा करू नये हे मला मान्य आहे. पण लिलावाच्या सूचीतील गद्य आणि आपल्या चर्चासत्रांतील गद्य यांत फरक उरला नसेल तर ती आपल्यासाठी लाजेची बाब आहे.

गाळलेल्या काळाची किंमत केवळ सैद्धांतिक नसते. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीतील एका कलादालनात रझांच्या जुन्या, चाळीस-पन्नासच्या दशकांतील म्हणून मांडलेल्या चित्रांचे प्रदर्शन होते. उद्‌घाटनाला आलेल्या रझांनी चित्रे पाहिली आणि त्यांतील बहुतेक आपली नाहीत असे सांगितले. प्रदर्शन बंद करावे लागले. चित्रकार हयात होता म्हणून हे उघडकीस आले. सुरुवातीची वर्षे कोणी नीट नोंदवलेलीच नव्हती. तिथे कोणीही काहीही आणून ठेवावे अशी मोकळी जागा होती. ॲन मॅक्लिन यांनी सिद्ध केलेल्या रझांच्या कृतिसूचीचा पहिला खंड २०१६ मध्ये आला, तो १९५८ ते १९७१ या काळाचा. अशा कामाचे कष्ट मोठे असतात आणि आरंभ कोठून तरी करावाच लागतो. पण 'पहिला' खंड १९५८ पासून सुरू होतो, तेव्हा नागपूरची चार वर्षे आणि गोंदिया कोणत्या खंडात मोडतात?

दीर्घ कारकीर्द वेगळ्या रीतीने वाचता येते याचे उदाहरण मराठीतच आहे. प्रभाकर बरवे साठच्या दशकात बनारसला विणकर सेवा केंद्रात होते, तांत्रिक प्रतिमांकडे ओढले गेले, आणि पुढे त्यांनी त्या प्रतिमा सोडून दिल्या. पान, शंख, घड्याळ अशा साध्या वस्तूंचे रिकाम्या जागेशी असलेले नाते ते शोधत राहिले. 'कोरा कॅनव्हास' (१९९०) या त्यांच्या पुस्तकात चित्र होत असतानाचा विचार आहे. आयुष्याला शेवटून दिलेला आकार नाही. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन झाले. उद्‌घाटनात अमोल पालेकर स्थानिक सल्लागार समित्या बरखास्त करण्याच्या निर्णयावर बोलू लागले आणि त्यांना अडवण्यात आले, एवढेच बहुतेकांना आठवते. पालेकरांचा प्रश्न मात्र खरा होता: कोणाचे सिंहावलोकन व्हावे, हे कोणी, कोठे बसून ठरवायचे?

त्या प्रश्नाची विदर्भातील बाजू हरी अंबादास गाडे यांची आहे. अमरावती जिल्ह्यातील तळेगावचे गाडे नागपूर विद्यापीठाचे विज्ञानाचे पदवीधर. जबलपूरला ते अध्यापक होते, नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टशी त्यांचा संबंध होता, आणि प्रोग्रेसिव्ह ग्रूपच्या सहा संस्थापकांत रझांच्या बरोबरीने त्यांचे नाव आहे. प्रांत तोच, शाळा तीच, मास्तरकीही तशीच. गाडे यांना बिंदू सापडला नाही, म्हणून त्यांची कथा होऊ शकली नाही. २००१ मध्ये ते वारले. त्यांच्यावर निबंध वाचला गेलेला मी अद्याप ऐकलेला नाही.

माझ्या वर्गात या भागातील काही चित्रकला-शिक्षक बाहेरून एम. ए. करण्यासाठी येतात. रझा गोंदियात तुमच्यासारखेच शिक्षक होते, असे मी एकदा सांगितले तेव्हा त्यांतील एकाने विचारले, "सर, मग ते काय शिकवायचे? वर्गात काय काढून दाखवायचे?" मला उत्तर देता आले नाही. त्या काळातील शाळांची दप्तरे, नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टचे कागद, मध्य प्रांताच्या शिक्षणखात्याचे शिष्यवृत्तीचे आदेश, कोणा विद्यार्थ्याच्या घरी उरलेली वही: यांचा शोध घेतला तर काही सापडेल किंवा नाही सापडणार. पण तो शोध नागपूर, भंडारा आणि गोंदिया येथेच घ्यावा लागेल, आणि त्यासाठी मराठी वाचता येणारा माणूस लागेल.